डावीकडून एक, उजवीकडून एक

हॉटेलवाल्याने हातातला वीतभर नमुना कुरवाळला. भावोजी म्हणाले, "डिझाइन माझ्या डोक्यातलं." त्याच क्षणी मुंगीने ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

मुंगी हे तिचं घरचं नाव. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याच्या विणकामाच्या कारखान्यात ती मशीनचे प्रोग्राम लिही. डिझाइन मुळात आईचं. उरल्यासुरल्या लोकरीचं, बारीक पट्ट्यांचं एक पांघरूण आई मागे ठेवून गेली होती. मुंगीने प्रत्येक रंगाला आकडा दिला आणि पट्ट्यांमागून पट्टे, आकड्यांची लांबलचक रांग केली. ही रांग कुठून आली, हे भावोजींनी कधी विचारलंच नाही.

रांग साठवताना तिने आईचीच सवय उचलली. आई लोकरीचे गुंडे फळीवर दोन्ही टोकांकडून मांडायची. पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा पुन्हा डावीकडे, असं करत मध्यावर यायची. मशीन सुरू झालं की मुंगीचा छोटासा प्रोग्राम डावीकडून एक, उजवीकडून एक आकडा उचलून मूळ क्रम लावून देई.

भावोजींचा पुतण्या बटणं दाबायला शिकला आणि मुंगीला नारळ मिळाला.

"मेव्हणीबाई, आता घरी आराम करा," भावोजी म्हणाले.

आराम करायला जाताना तिने तो छोटा प्रोग्राम पुसून टाकला. आकड्यांना बोटही लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन वीतभर भलतंच विणून गेलं. पुतण्याने ते घाईने थांबवलं.

"काका, आकडे विस्कटलेत."

"मग क्रमाने लाव की! शाळेत काय माशा मारल्यास?"

त्याने लहानापासून मोठ्यापर्यंत सगळे लावले आणि जुनी रांग पुसून तिच्याच जागी साठवले. पांघरूण विणून निघालं. आधी नुसतं पांढरं, मग नुसतं पिवळं, मग नुसतं निळं. हॉटेलवाला म्हणाला, "हे काय, रंगाच्या दुकानाची पाटी?" ठरलेला माल दिला नाहीत तर दुसरीकडे जातो, असंही म्हणाला.

ताईचा फोन आला. "मुंगे, ये गं. यांच्या घशाखाली घास उतरत नाहीये."

"येते. पण आईचं पांघरूण मला हवं."

मुंगी पोचली तेव्हा भावोजी त्याच पांघरुणावर बसले होते. टुणकन उठले. "न्या की! विटलंय नुसतं. पण हे आधी निस्तरा."

मुंगीने पडद्यावर नजर टाकली. तिला हसू आवरेना.

"विस्कटलेलं असतं, तर चहा निवायच्या आत लावून दिलं असतं. तुम्ही तर नीट लावलंत, भावोजी. कुठला आकडा कुठे होता, ते यातून आता कुणालाच कळायचं नाही."

"अहो, पण तुमच्याकडे कुठेतरी असेलच ना?"

"डिझाइन तुमच्या डोक्यातलं. आठवा."

ताई दारापर्यंत पोचवायला आली. मुंगीच्या हातावरच्या पांघरुणाच्या घडीवर तिची नजर अडकली. पांढरा, निळा, पिवळा, पुन्हा निळा. तिने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो पुतण्यावर ओरडत होता.

ताईने खुंटीवरची पिशवी काढली.

"यात घालून ने," ती हळूच म्हणाली. "उघडं नको नेऊस."