टमरेलाशिवाय पळणारा माणूस

मी, रंगनाथ, वालूरच्या शाळेतला गुरुजी. आयुष्यात कधी शर्यतीत पळालो नव्हतो. एसटी सुटत असली तरी मी चालतच जायचो आणि ती चुकवायचो. तरीही शहाऐंशी साली गावात माझं नाव झालं ते पळण्यामुळे, आणि त्याच्या मुळाशी एक थाप होती.

माझी बायको कुसुम दिवाळीनंतर काविळीनं गेली. मग झोप उडाली. फळ्यासमोर उभा राहिलो की काय लिहायचं तेच आठवेना. एका पहाटे उठलो आणि मळ्यातल्या विहिरीकडे निघालो. परत यायचं नव्हतं. तेवढ्यात मागून शेजारच्या किशनरावांचा आवाज आला.

"गुर्जी, कुठं निघालात वो? हातात टमरेल बी न्हाई!"

पहाटे टमरेलाशिवाय गावाबाहेर निघालेला माणूस म्हणजे संशयच. मी गडबडून म्हणालो, "व्यायाम! पळायला चाललोय." आणि खरंच पळत सुटलो. विहिरीपाशी थांबता येईना, कारण किशनराव टमरेल सांभाळत मागे येतच होते. माणसादेखत मरायचीसुद्धा मला लाज वाटली.

थाप टिकवायची तर रोज पळणं आलं. मी एका तालात पळायचो, पोट दुसऱ्या. गावातली कुत्री भुंकायचीही विसरली. पण मागे रोज कोणी ना कोणी असायचंच. कधी किशनराव, कधी किराणा दुकानवाले व्यंकटराव, कधी बुद्धवाड्यातले सिताराम. नामांतराच्या दंगलीपासून व्यंकटराव आणि सिताराम एकमेकांशी बोलत नव्हते. माझ्यामागे दोघं आले की मात्र धापा टाकत एकाच बांधावर बसायचे.

मला वाटलं, गाव माझा आदर्श घेतंय! मी चढून गेलो. "नाकानं श्वास घ्या, टाचा आपटू नका," असं व्याख्यान झोडायचो. ते बिचारे मुकाट ऐकायचे. परतताना कोणी चहा पाजायचं, कोणी भाकरी बांधून द्यायचं. मी गुरुदक्षिणा समजून खायचो. हळूहळू खरीखुरी भूक लागायला लागली, झोपही येऊ लागली.

उन्हाळ्यात एका पहाटे दारात किशनरावांची म्हातारी आई, कडूबाई, लुगडं वर खोचून उभी.

"किसन तापानं पडलाय. आज पाळी आमच्या घराची हाय, म्हनून मी आले. जरा हळू पळा, गुडघे लय दुखायलेत."

"कसली पाळी, काकू?"

"तुमाला राखायची. किसननं त्याच दिशी सांगितलं, गुर्जी इहिरीकडं निघालते. मग समद्यांनी पाळ्या लावल्या. रोज कुनीतरी तुमाला इहिरीच्या म्होरं न्यायचं."

म्हणजे थाप पहिल्याच सकाळी उघडी पडली होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि मी शहाणा त्यांना श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होतो! मेल्याहून मेल्यासारखं झालं. उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडलो. कुसुम गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो.

कडूबाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "झालं? चला मग, उजाडायलंय. आमच्या घराची पाळी बुडवू नगा."

आम्ही निघालो. वाटेत सवयीनं मी म्हणालोच, "काकू, टाचा आपटू नका." विहीर आली तसं त्यांनी माझं मनगट धरलं, आणि ती पार मागे पडेपर्यंत सोडलं नाही.