खाली पाहणारे फोटो

मंगळवारी सकाळी ताई धंतोलीतल्या दवाखान्यात वारली. दुपारी तिला घाटावर नेलं. संध्याकाळी आम्ही फोटो शोधायला बसलो.

तेरवीला फ्रेम लागते. आईने कपाटातून दोन अल्बम काढले. ताईचे त्यात पुष्कळ फोटो होते आणि प्रत्येकात ती खाली पाहत होती. माझ्या लग्नात मुठीतल्या अक्षतांकडे, माझ्या मुलाच्या बारशाला पाळण्याकडे. आमच्या घरची ती रीतच होती. कॅमेरा दिसला की आई म्हणायची, "खाली पाह्य वं." ताईचा डावा डोळा नाकाकडे वळलेला होता.

गल्लीत तिला भेंगी म्हणत, शाळेत चकणी. काका भरल्या घरात विचारायचे, "कोणाले पाहून राहिली वं, मले का भिंतीले?" सगळे हसायचे. ताईही हसायची, कारण ती हसली नाही तर काका पुन्हा विचारायचे. बाबा शिकलेले. स्थळांना पाठवायच्या कागदावर त्यांनी 'नजर किंचित बाजूस' असं लिहिलं होतं. आमच्या घरातले तेवढेच सभ्य शब्द. ते वाचूनही पाहुणे यायचे, पोहे खायचे आणि उठताना तिला एकदा वर पाहायला सांगायचे.

मी मराठी शिकवते. कोणता शब्द कुठे लागतो ते मला कळतं. भांडणात मी तिला 'चकणे' म्हणायचे. शेवटचं म्हणाले तेव्हा माझी चाळिशी उलटली होती.

समोर पाहणारा फोटो एकच निघाला, आधार कार्डवरचा. तो काढताना मी तिच्या उजव्या हाताला उभी होते. "मॅडम, कॅमेऱ्यात बघा," असं तिथल्या माणसाने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तो ओरडला, तेव्हा तिने मान वर केली. त्या फोटोत तिचा एक डोळा कॅमेऱ्याकडे आहे आणि एक माझ्याकडे.

तो फोटो घेऊन मी आणि मावशी स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने तो पडद्यावर मोठा केला.

"डोळा सरळ करून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे."

"कर गा," मावशी म्हणाली. "जितेपणी नाही, आता तरी बरी दिसू दे तिले."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला नको म्हणायचं होतं. एकदा तरी लोकांनी तिला तिच्या डोळ्यांनिशी पाहावं, एवढ्यासाठीच मी तो फोटो निवडला होता. मग तेरवीला येणारी माणसं आठवली. काका आठवले. ती माझी बहीण आहे हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"करा," मी म्हणाले.

तेरवीला सगळ्यांनी फोटोची तारीफ केली. काका फ्रेमसमोर हात जोडून उभे राहिले. "नजरेची थोडी वेगळी होती," ते हळूच म्हणाले, "पण पोरगी लाखाची." तिच्या डोळ्यांबद्दल इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच बरं बोलले, आणि फ्रेममधल्या बाईची नजर अगदी सरळ होती.

आई बराच वेळ फ्रेमकडे पाहत बसली. मग तिने मला विचारलं, "हे कोण होय वं?"

"ताई," मी म्हणाले.



फ्रेम आता आईच्या खोलीत भिंतीवर आहे. आधार कार्ड माझ्या पर्समध्ये आहे.