गाडीसाठी तासलेला खांब

लखनौत मेट्रो यायच्या आधीची गोष्ट. मी तिथल्या एका संशोधन संस्थेत होते आणि उंच इमारतींची तब्येत बघणं हे आमचं काम होतं. साबणाच्या वडीएवढ्या डब्या खांबांना चिकटवायच्या. कोणत्या खांबावर किती ताण येतोय हे त्या बिनतारी एकमेकींना कळवत आणि शेवटी आकडे माझ्या कॉम्प्युटरवर येत. तेलीबागच्या पुढे एक नवा टॉवर झाला होता, तिथल्या सोसायटीने हौसेने परवानगी दिली. चेअरमन म्हणजे निवृत्त बडे साहेब. डब्या लावल्या त्या दिवशी त्यांनी आम्हाला समोसे खाऊ घातले आणि एका डबीशेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला.

दिवाळीनंतर पार्किंगमधले आकडे बिघडले. एका खांबावरचा भार उतरला होता आणि शेजारच्या दोघांवरचा वाढला होता. घरातल्या एका भावाने अंग काढून घेतलं की बाकीच्यांच्या मानेवर ओझं येतं, तसंच हे. मी इंदिरा नगरहून तडक तिथे गेले. त्या खांबाला नवंकोरं प्लायवूडचं आवरण बसवलं होतं. ते सरकवून पाहिलं तर आतलं काँक्रीट तासलेलं, सळया उघड्या पडलेल्या. वॉचमनला विचारलं.

"चेअरमन साहब की नई गाड़ी मुड़ नहीं रही थी, मैडम. थोड़ा छिलवा दिया."

थोडा छिलवला! दुधी भोपळा होता का तो? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच रविवारी कमिटीची मीटिंग होती. मी सांगितलं, आजच्या आज तुळईखाली लोखंडी टेकू लावा, मग खांब नीट दुरुस्त करून घ्या, वरती माणसं राहतात. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग एकाने विचारलं, बात बाहर गई तो फ्लैट के रेट गिरेंगे क्या? दुसऱ्याने सांगितलं, या डब्यांच्या किरणांनी त्याच्या बायकोचं डोकं दुखतं. गच्चीवर याच सोसायटीने मोबाइलचा टॉवर बसवू दिला होता, त्याने मात्र कुणाचंही डोकं दुखत नव्हतं. शेवटी चेअरमन म्हणाले, "मैडम, जब से ये मशीनें लगी हैं, टेंशन ही टेंशन है. आप इन्हें ले जाइए." ठराव एकमताने पास. चोर सोडून संन्याशाला फाशी. ताप आला म्हणून थर्मामीटर फेकून देणारी ही माणसं पदवीधर होती, पोरांना इंजिनीअर करत होती. मला त्यांची किळस आली, आजही येते.

त्या बैठकीत एक मराठी गृहस्थही होते, बँकेत अधिकारी. त्यांचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, नेमका त्या खांबाच्या वर. पूर्ण वेळ मूग गिळून बसले. जिन्यात मला गाठून म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम. इन्हीं लोगों के साथ रहना है आम्हाला."

मी जाऊ दिलं नाही. त्यांच्या पाठोपाठ त्यांच्याच घरात शिरले. त्यांची बायको पोळ्या लाटत होती.

"वहिनी," मी म्हटलं, "तुमच्या स्वयंपाकघराखालचा खांब चेअरमनने गाडीसाठी तासलाय. कमिटी टेकू लावायला तयार नाही."

"अहो, घरातल्यांना कशाला घाबरवता?" गृहस्थ ओरडले.

वहिनींनी गॅस बंद केला. नवऱ्याला एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" ते पंख्याकडे बघायला लागले.

त्या पिठाच्या हातांनीच खाली गेल्या. मीटिंग आटोपून चेअरमन गाडी घेऊन बाहेर गेले होते. वहिनींनी वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि गाडीच्या जागेत मधोमध बसल्या. चेअरमन परतले, उतारावर हॉर्न वाजवत राहिले. "पहले टेका लगेगा, फिर गाड़ी आएगी," वहिनी म्हणाल्या. हॉर्न ऐकून वरच्या मजल्यांवरच्या बायका उतरल्या. काय झालंय ते कळल्यावर त्यांनीही खुर्च्या मागवल्या. दुसऱ्या दिवशी टेकू लागले, पुढे खांबही दुरुस्त झाला.

ते गृहस्थ अजून कधीतरी निशातगंजच्या बाजारात भेटतात. दरवेळी तीच तक्रार, "मॅडम, तुम्ही आमच्या घरात भांडण लावलंत."

"लावलं," मी म्हणते. "घर शिल्लक आहे, म्हणून भांडता तरी येतंय."