सरांचा पाणी-नियम

जगातली निम्मी भांडणं माणसांच्या स्वभावामुळे नव्हे, तर नियम नीट लिहिले नसल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या लातुरात एकच आहे आणि तो आमच्या समोरच राहतो. कायदे कसे लिहावेत आणि लागू झाल्यावर त्यांचं पुढे काय होतं, हा विषय त्यांनी लॉ कॉलेजात आयुष्यभर शिकवला. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. निवृत्तीनंतर विद्यार्थी संपले, विषय मात्र अंगात राहिला, आणि त्याचे चटके आता घराला आणि कॉलनीला बसतात. दारावर पाटी आहे: 'घंटी एकदाच वाजवावी; परंतु, वीज नसल्यास कडी वाजवावी; परंतु, आणखी असे की, दुपारी दोन ते चार यांपैकी काहीच वाजवू नये.' पोस्टमन बिचारा हे वाचून संपवेपर्यंत चार वाजतात. चहासुद्धा ते 'साखरेसह किंवा साखरेवाचून, यथास्थिति' मागतात. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, वैतागून एकदा नुसतं गरम पाणी आणून ठेवलं. सर ते निमूट प्याले आणि चहापत्तीचा उल्लेख आपल्याच हातून राहिला, असं म्हणाले.

बरं, नियम केला की संपलं, असं नाही. तीन आठवड्यांनी त्याची परीक्षा घ्यायची. देवळाबाहेर चपला रांगेत ठेवाव्यात असा नियम त्यांनी करून दिला, तेव्हा एका सोमवारी ते खुर्ची टाकून, वही घेऊन चपलांसमोर बसले. बायकांना वाटलं, चपला राखायला माणूस ठेवलाय. त्यांनी सरांच्या पायाशी चपलांचा ढीग घातला. 'नियम कोणी वाचला नाही, मी मात्र उपयोगी पडलो,' असा शेरा त्यांनी वहीत प्रामाणिकपणे लिहिला.

मागच्या उन्हाळ्यात कॉलनीचा बोअर आटत आला आणि हौदावर रोज आरडाओरडा सुरू झाला. मग सगळ्यांना सरांची आठवण झाली. त्यांनी आठ दिवस खपून नियम लिहिला: घर म्हणजे एक चूल, दर घराला रोज दहा घागरी, आपल्या वाट्याचं पाणी दुसऱ्याला द्यायचं नाही. पळवाट शोधायला म्हणून मला दोनदा वाचायला लावलं. मला सापडली नाही. बैठकीत सगळ्यांनी हात वर केले, त्यात माझाही होता. कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत उदगीरच्या अक्का खानावळ चालवायच्या. क्लासला आलेली चाळीस पोरं त्यांच्या एका चुलीवर जेवायची. बैठक ऐन जेवणाच्या वेळी होती, अक्का भाकरी थापत होत्या, आणि त्यांना बोलवायचं कोणालाच सुचलं नाही.

तीन आठवड्यांनी सर वही घेऊन हौदाशी बसले. भांडण नाही, रांग सरळ, संध्याकाळी हौदात चक्क पाणी शिल्लक. इतका पाळला गेलेला नियम आपण जन्मात पाहिला नाही, असं ते मला सांगत आले. मग घरं मोजताना लक्षात आलं की एक घर पाण्याला येतच नाही. दहा घागरींत चाळीस जणांचा स्वयंपाक होईना, म्हणून अक्का खानावळ बंद करून भावाकडे उदगीरला निघून गेल्या होत्या. एका शब्दानं भांडल्या नाहीत. सर दोन दिवस धड जेवले नाहीत, असं काकूंनी मला सांगितलं. मलाही माझ्या त्या वर केलेल्या हाताची लाज वाटत होती.

सरांनी नियम दुरुस्त केला, खानावळीला जेवणाऱ्या माणसांप्रमाणे पाणी लिहिलं, पुन्हा बैठक घेऊन मंजूर करून घेतला आणि मला घेऊन एसटीनं उदगीर गाठलं. अक्कांच्या भावाच्या ओसरीत बसून त्यांनी तो पहिल्या कलमापासून वाचून दाखवला. अक्कांनी पिठाचे हात तसेच ठेवून सगळा ऐकला.

"चांगलं लिवलंय, सर. पण आदी इचारलं असतं तर मीच सांगितलं असतं की."

त्या रागानं बोलल्या नाहीत. पोरं आता दुसरीकडं जेवायला लागली, परत येऊन काय करू, एवढंच म्हणाल्या. मग आम्हाला आग्रहानं बसवलं आणि ताटात भाकरी वाढता वाढता विचारलं, "बरं, पाणी पुरून राहिलं का आता समद्यांना?"

साध्या प्रश्नालाही पाच कलमांपेक्षा कमी उत्तर न देणाऱ्या सरांनी नियमाचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"उरून राहिलंय, अक्का," ते म्हणाले.