लाल चिंधीची गाठ

ही गोष्ट सांगायची मी सात वर्षं टाळली. घरात कुणी त्या सहलीचा विषय काढला, की मी चष्मा शोधायला उठायचो, आणि चष्मा बहुतेक वेळा माझ्या डोळ्यांवरच असायचा. आता माझे व्याही राहिले नाहीत. म्हणून आधी एवढं लिहून ठेवतो, की त्यांच्याइतकी पक्की गाठ मारणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही.

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. हे इवाई म्हणजे माझ्या सुनेचे वडील. आंजीला त्यांची भाजीची वाडी होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, जे निघेल ते पोत्यात भरून पहाटे वर्ध्याच्या बाजारात आणायचे. बाजारात सगळ्यांची पोती सारखीच दिसतात, म्हणून आपल्या प्रत्येक पोत्याला ते जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधायचे. ही सवय पुढे पोत्यांवर थांबली नाही. त्यांची सायकल, छत्री, पाण्याची बाटली, चष्म्याची दांडी, सगळ्यांना लाल चिंधी आणि तिच्यावर ती सुप्रसिद्ध गाठ. ही गाठ त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवली होती आणि तिच्याबद्दल त्यांचं एकच वाक्य होतं, “माह्यी गाठ तुटन, सुटनार नाई.” आमच्या मुलांच्या लग्नात उपरणं आणि शालू यांची गाठ मारायला गुरुजी पुढे झाले, तर यांनी त्यांना प्रेमाने बाजूला सारलं. “तुमी मंत्र पाहा, हे काम माह्यं.” संध्याकाळी ती गाठ सोडायला दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी आळीपाळीने खपली. नवरदेवाला बाथरूमला जायचं होतं आणि नवरीला सोबत नेणं शक्य नव्हतं. शेवटी कात्री आणली. इवाई जेवत होते. त्यांनी पानावरूनच मान हलवली, “मले हाक माराची. एक टोक ओढलं असतं.” कोणतं टोक, ते मात्र त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

नात साडेचार वर्षांची झाली तेव्हा तिने नागपूरकडच्या मोठ्या झुल्यांच्या पार्कचा हट्ट धरला. टीव्हीवर तिने तिथलं भलंमोठं कापडी अस्वल पाहिलं होतं. आमच्या दोन्ही घरांतलं कुणी असल्या ठिकाणी कधी गेलं नव्हतं. मुलाने गाडी ठरवली. मी, मुलगा, सून, नात आणि इवाई. ते आंजीहून पहिल्या एसटीने आले, डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा आणि हातात एवढी मोठी गाठोडी, की मी विचारलं, “इवाई, तिकडे राहायला जाता काय?” ते म्हणाले, “लेकरू हाय संगं. भूक लागली तं झुले खाईन काय?” केळझर आलं तेव्हा त्यांनी गाडी थांबवायला लावली. गणपतीपुढे उभे राहून जरा मोठ्यानेच म्हणाले, “बाप्पा, झुल्यावाल्याले नट नीट कसाले सांगजो.”

पार्कच्या फाटकावर कळलं, की बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. वर्दीतल्या पोऱ्याने गाठोडी उघडायला सांगितली. इवाई म्हणाले, “तूच उघड बाबू.” त्याने पाच मिनिटं नखं झिजवली. मग त्याचा साहेब आला, त्याने दात लावले. मागे रांग वाढत चालली आणि रांगेतले लोक सल्ले देऊ लागले. साहेब घामाघूम होऊन म्हणाला, “काका, आत बॉम्ब आहे काय?” इवाईंनी पुढे होऊन दोन बोटांनी एक टोक ओढलं आणि फडकं फुलासारखं पसरलं. आत सांबारवडी, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि डबाभर ठेचा. आत नेता येत नाही म्हणजे बाहेर संपवता येतं, असा त्यांनी नियमाचा अर्थ लावला. फाटकाशेजारी कट्ट्यावर पंगत बसली. साहेबाने चार वड्या खाल्ल्या आणि आम्हाला रांग सोडून आत घेतलं.

आत शिरताच इवाईंनी खिशातून पाच लाल चिंध्या काढल्या. “गर्दी हाय. माह्या मालाले मी निशानी लावतो, दुसऱ्याच्या मालात जाऊ नाई म्हून.” सुनेने कपाळाला हात लावला, पण हात पुढे केला. पाच मनगटांवर पाच चिंध्या. आम्ही वांग्यांच्या पोत्यांसारखे रांगेने चाललो होतो. मोठ्या कपबश्यांच्या झुल्यात मी आणि इवाई एका कपात बसलो. पट्टा ओढून पाहून ते म्हणाले, “हा पट्टा नोकराचा, गाठ मालकाची,” आणि आपल्या दुपट्ट्याने त्यांनी आम्हा दोघांना कमरेशी एकत्र बांधून टाकलं. कप फिरू लागला. मी आयुष्यभर शाळेत मुलांना शांत बसायला सांगितलं होतं, आणि इथे मी व्याह्याच्या काखेत तोंड खुपसून ओरडत होतो. ते मात्र खुशीत होते. “इवाई, पृथ्वी फिरून राह्यली, पाहा न. तुमी शाळेत शिकवलं ते खरंच हाय.” झुला थांबला, तरी मी खाली उतरेना, कारण बांधलेला होतो. नात बाहेरून टाळ्या पिटत होती, “आबा, अजून एकदा.” आम्ही अजून दोनदा बसलो. इतका हसलो त्या दिवशी, की बरगड्या दुखल्या. ते हसणं आठवतं, म्हणून पुढचं सांगणं अवघड जातं.

दुपारी मुलगा आणि सून एका उंच झुल्याच्या रांगेत लागले. इवाई नातीसाठी पाणी आणायला गेले आणि मी तिला अस्वलासोबत फोटोला घेऊन गेलो. तिथे माझा एक जुना विद्यार्थी भेटला, आता मोठ्या हुद्द्यावर. सोबत बायको. पाया पडताना त्याची नजर माझ्या मनगटावर गेली. “सर, हे काय, नवस?” बायको ओठ दाबून हसली. मी बाही खाली ओढली. नातीचा फोटोही तसाच निघू नये असं मला वाटलं. तिची गाठ सोडू लागलो, तर अर्थातच सुटेना. तिचा हात आइसक्रीमने ओला आणि चिकट होता, म्हणून पिळवटून अख्खी चिंधी, गाठीसकट, हातातून खाली काढली आणि खिशात टाकली. फोटोपुरती. नंतर विसरलो.

इवाई पाणी घेऊन आले. आम्ही दोघं तिला मध्ये घेऊन बाकावर बसलो होतो. बँडचा गलका आला, मागून लोकांचा लोंढा आला, आणि लोंढा ओसरला तेव्हा बाकावर आम्ही दोघंच होतो.

इवाई घाबरले नाहीत. मला म्हणाले, “काऊन भेता? चिंधी हाय हाताले.” धावत भोंग्याच्या खोलीत गेले. भोंग्यावरून सूचना झाली, पिवळा फ्रॉक, उजव्या मनगटावर लाल चिंधी. दुसऱ्यांदा सूचना झाली तेव्हा माझा हात खिशात गेला आणि बोटांना ती गाठ लागली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मुलगा आणि सून धावत येत होते, सुनेचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मी ती गाठ खिशातच मुठीत दाबून धरली. चाळीस मिनिटं सगळे लाल चिंधी शोधत फिरले. मुलगी पहिल्या दहा मिनिटांतच सापडली होती. झाडणाऱ्या एका बाईंनी तिला पॉपकॉर्नच्या गाडीजवळ बसवून ठेवलं होतं. पण मनगट मोकळं, आणि पिवळे फ्रॉक तर ढीगभर, म्हणून बाईंना वाटलं ही ती नव्हे. शेवटी मुलाच्याच नजरेला पडली. पॉपकॉर्न खात मजेत बसली होती.

मुलाने विचारलं, “चिंधी कुठे गेली हिची?”

मग मी बोललो. दोनच शब्द. “सुटली असेल.”

मुलगा इवाईंना म्हणाला, “बाबा, तुमच्या त्या चिंधीपायी चाळीस मिनिटं गेली.” सून बापाकडे न पाहता लेकीला उचलून चालू लागली. इवाईंनी नातीचं मोकळं मनगट पाहिलं, मग आपली बोटं पाहिली, एक एक. “माह्यी गाठ सुटली?” ते कुणालाच विचारत नव्हते. येताना केळझर आलं, पण त्यांनी गाडी थांबवायला सांगितली नाही.

नात दर उन्हाळ्यात आंजीला राहायला जाणार असं ठरलेलं होतं. ते आपोआप बंद झालं. जायची ती आईबरोबर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. इवाईंनी तक्रार केली नाही. वाडीत तिच्यासाठी निंबाला झुला बांधला होता, त्याचे दोर मात्र त्यांनी काढून ठेवले. ती चिंधी माझ्या टेबलाच्या खणात आहे. गाठ तशीच, जराही ढिली नाही.

गेल्या हिवाळ्यात ती चिंधी खिशात घालून मी आंजीला गेलो. वाक्य पाठ केलं होतं. इवाई थकले होते, तरी उठून त्यांनी माझ्यासाठी वांगी काढली, पिशवीत भरली, आणि तोंड बांधायला बसले. एक गाठ मारली. तिच्यावर दुसरी मारली. मग तिसरी. आयुष्यात एका गाठीवर भागवणारा माणूस. आणि पिशवी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “ओढून पाहा बरं, इवाई. पक्की हाय ना?”

मी ओढून पाहिली. “पक्की आहे,” म्हणालो. ते लहान मुलासारखे हसले, आणि मी पिशवी घेऊन एसटीत बसलो. उन्हाळा लागायच्या आधी ते गेले.

एवढंच म्हणायचं राहिलं, इवाई. तेव्हाही पक्कीच होती.