आधी विचारा, मग साठवा

तरुणपणी मी महाडला एका अवजार केंद्रात कॉम्प्युटरवर बसायचे आणि स्वतःला फार हुशार समजायचे. नांगरणीचा पॉवर टिलर कोणाला आधी द्यायचा, हे ठरवणारा प्रोग्राम मीच लिहिला होता. त्यात नियम आणि नोंदींची साठवण यांची अशी खिचडी केली होती, की नंबर बघायचा तर नोंद साठवावीच लागे. नुसतं विचारायची सोयच नाही! एकदा नियम चालतो का बघायला मी एक खोटा शेतकरी घातला, गाव लिहिलं तुडील, आणि जेवायला गेले. परत येते तो टिलर तुडीलला रवाना! चालक दुपारभर सावित्रीकाठी तो माणूस शोधत फिरला. आणि या बाईसाहेब, म्हणजे मीच, शिपायावर डाफरत होत्या.

आता कुडपणच्या आमच्या वाडीचा स्वतःचा टिलर आहे. त्याच्यासाठी मी नातीला घेऊन नवा प्रोग्राम लिहिला, दोन वेगळ्या भागांत. एका भागात फक्त नियम: ज्याच्या भातखाचरात पाणी भरलंय तो आधी, त्यातही ज्याचा माणूस मुंबईहून रजेवर आलाय तो पुढे, आणि गेल्या वर्षीचा पहिला यंदा शेवटी. नोंदी सांभाळणं दुसऱ्या भागाचं काम. त्या दूरच्या सर्व्हरवर आहेत की माझ्या पदराला बांधल्यात, नियमांना पत्ताच नाही.

यंदा लावणीआधीच्या ऐन चिखलणीत रेंज गेली. नोंदी सर्व्हरवर अडकल्या आणि सगळी वाडी आमच्या पडवीत जमली. शेजारणीचा जीव टांगणीला. रजेवर आलेला लेक उद्या संध्याकाळी मुंबईला परतणार, आणि तिच्या घरात टिलर धरणारा दुसरा कोणी नाही.

"काकी, सकाळी टिलर नाय मिळाला तर माझी लावणी रखडली गो!"

"आजी, सगळं परत लिहायचं?" नातीचा चेहरा उतरला.

"छे गं! फक्त साठवणीचा भाग बदल. माणसं इथंच बसलीत. त्यांना विचार आणि या लॅपटॉपमध्येच ठेव."

चहाचं दुसरं आधण उतरेपर्यंत काम झालं. नियमांची एक ओळसुद्धा हलली नाही! मी उडीच मारणार होते, गुडघ्यांनी परवानगी दिली नाही.

पहिला नंबर शेजारणीचा आला. खालच्या घरचे भाऊजी उसळले, "लॅपटॉप तुमचा, शेजारीण तुमची. बरं जमलंय!"

"मग तुम्हीच विचारून बघा. नुसतं विचारल्यानं नोंद होत नाही."

"माझा पोरगा पन रजेवर आलाय, असं धरा."

धरलं. तरी शेजारीणच पहिली. भाऊजींचं खाचर कोरडं होतं.

"पानी भरलंय, असं धरा!"

"आता दोघं बरोबरीत," नात म्हणाली.

"पन धरलेलं पानी खाचरात कोन ओतनार?" शेजारणीनं विचारलं. पडवी हसली, भाऊजीही हसले. मग म्हणाले, "द्या तिलाच."

"साठव," मी नातीला म्हटलं.

सकाळी शेजारणीचा लेक गुडघाभर चिखलात टिलर रेटत होता, आणि ती बांधावरून त्याला उगीचच सूचना देत होती. मला बघून ओरडली, "काकी, तुमचा नंबर कदी?"

"शेवटचा!" मी तितक्याच जोरात ओरडले. "गेल्या वर्षी पहिला होता ना! माझ्याच प्रोग्रामनं मला मागं बसवलं!"