आधी बगळा, मग पत्ता

कचेरीत होतो तेव्हा वाटायचं, निवृत्तीनंतर किस्से आटतील. छे! कचेरीतले किस्से निदान जावक क्रमांक लागून बाहेर पडायचे. रिकाम्या माणसाकडे आलेले तिथेच साचतात. गेली दोन वर्षं मी रोज सकाळी अंजूरच्या खाडीकाठी निसर्ग माहिती केंद्रात जाऊन बसतो. पेपर वाचतो आणि जन्माची खोड म्हणून अभ्यागतांची नोंदवही सांभाळतो. पगार नाही, त्यामुळे रजाही नाही!

केंद्राचा अख्खा स्टाफ म्हणजे पदूदादा. केंद्रासाठी जमीन त्याची गेली, बदल्यात वॉचमनची ड्युटी मिळाली. समोर तळं, तळ्यात बगळे, उरलेल्या तिन्ही बाजूंना गोडाऊन.

*

दारातच पक्ष्यांच्या रंगीत चित्रांचा मोठा बोर्ड आहे. म्हणजे रंगीत होता. लावताना तो भर उन्हात लावला. खंड्याचा निळा गेला, रोहित पक्ष्याचा गुलाबी गेला. नवा बोर्ड मागवा म्हटलं, तर पदूदादा म्हणाला, "कशाला भाऊसाहेब? उन्हान सगल्यांना बगला केला. आता कोनी कायपन विचारला तरी आपला उत्तर चुकत न्हाय!"

*

करीमचाचांचा जन्म कापडाचे लूम चालवण्यात गेला. आता लूम मुलं बघतात आणि चाचा दर रविवारी तळ्याकाठी येऊन बसतात.

"काय चाचा, पक्षी बघता?"

"पक्षी नाय रे. चाळीस साल खटखट ऐकली. इथं काहीच ऐकू येत नाय, तेच ऐकायला येतो."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. लूमवाला माणूस फोनवर बोलतो तो मधे चार लूम चालू आहेत असं समजूनच. "हॅलोऽऽ!" तळ्यावर एक बगळा उरला नाही.

चाचा प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "बघ, किती शांत आहे!"

*

एकदा ठाण्याहून दोघे पक्षीनिरीक्षक आले. झाडीत दिसू नयेत म्हणून हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे. झाडी कुठे होती? गोडाऊनच्या पत्र्यांपुढे ते मैलभरावरून दिसत होते.

"निसर्ग पायवाट कुठपर्यंत जाते?" त्यांनी विचारलं.

"पयली खाडीपर्यंत जायची," पदूदादा म्हणाला. "आता गोडाऊनपर्यंत. पुढं गेटपास लागतो."

*

मग वरच्या ऑफिसचं पत्र आलं. तीन महिन्यांत अभ्यागत वाढले नाहीत तर केंद्र बंद.

पदूदादाने पत्र उलटंपालटं करून पाहिलं. "जमीन गेली, आता ड्युटीपन? पोरांना काय सांगू?"

मी म्हटलं, "दादा, रोज इथे कोण येतं?"

"कोन न्हाय. ट्रकवाले येतान पत्ता विचारायला."

"ते परिसराची माहिती विचारतात. आपलं केंद्र कसलं?"

कारकुनी विद्या ही अशी. नोंदवहीत खोटं कधी लिहायचं नसतं. खरं सोयीचं लिहायचं असतं.

दुसऱ्या दिवसापासून पदूदादाने नियमच केला. पुढच्या पूर्णा गावातलं गोडाऊन शोधणारा हरियाणाचा ड्रायव्हर ट्रकच्या खिडकीतून ओरडला, "भाईसाब, पूर्णा किधर पडेगा?"

"पयले नीचे उतरो. बगला देखो. इधर सही करो. फिर पूर्णा."

"बगुला क्यों देखूँ?"

"तो फिर पूर्णा भी न्हाय!"

बिचारे बघायचे. एकाने तर बगळ्याबरोबर सेल्फी काढला. भेटीचा उद्देश या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहायचो: परिसराची माहिती.

*

तीन महिन्यांनी साहेब तपासणीला आले. नोंदवही उघडली आणि चष्मा पुसला. "हरियाणा, पंजाब, राजस्थान! अख्खा देश इथे येतो?"

"हो साहेब," मी म्हणालो. यातही खोटं काही नव्हतं.

साहेब बाहेर आले. रस्त्यावर सहीसाठी थांबलेले ट्रक ओळीने उभे. साहेब कळवळले. "एवढे लोक येतात, आणि गाडी लावायला जागा नाही?"

केंद्र वाचलं. पदूदादाची ड्युटी पक्की झाली. महिनाभरात पार्किंगही मंजूर झालं. मोकळी जागा एकच होती. तळं बुजवून वर सिमेंट टाकलं, पांढरे पट्टे मारले आणि पदूदादाला शिट्टी दिली.

पहिल्या सकाळी पार्किंगमध्ये एकही गाडी नव्हती. दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध एक बगळा उभा होता.

पदूदादाने शिट्टी तोंडाकडे नेली आणि परत खिशात टाकली. आत जाऊन नोंदवही आणली, माझ्यासमोर उघडून ठेवली.

"लिवा भाऊसाहेब. नाव बगला. गाव इथलाच."

मी लिहिलं.

"आन् उद्देश?"

"नेहमीचाच," मी म्हटलं. "परिसराची माहिती."